आक्काचा अंगठा

इन्स्पेक्टर विश्वजित जाधव यांनी खोटा अंगठा लावला, त्या मंगळवारी संध्याकाळी मी बेळगावात टिळकवाडीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये भाजलेल्या शेंगा फोडत बसलो होतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढच्या सगळ्या प्रकाराची सुरुवात माझ्याकडून झाली नाही हे वाचकांच्या लक्षात राहील.

विश्वजित जाधव म्हणजे 'सातवी फाईल' या मालिकेतले पोलीस अधिकारी. टीव्हीतल्या माणसाला मी अहो-जाहो करतो याचं माझी बायको जया हिला हसू येतं. पण दोनशे चौदा भागांत ज्या माणसाने कुणाचा फुकटचा चहासुद्धा घेतला नाही, त्याला अरे-तुरे करायला माझी जीभ वळत नाही. तर त्या मंगळवारी काय झालं, की धरणग्रस्तांच्या जमिनी लाटणाऱ्या एका बड्या माणसाविरुद्ध एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने जबाब दिला आणि अंगठा लावायच्या आधी तो घाबरून गाव सोडून गेला. मग जाधवसाहेबांनी खोलीचं दार लावलं, शाईचं पॅड पुढे ओढलं आणि स्वतःचा डावा अंगठा त्या जबाबाखाली उमटवला. वर म्हणाले, "अंगठा खोटा असेल, पण जबाब खरा आहे." त्यावर मागे तबला वाजला. माझ्या हातातली शेंग हातातच राहिली.

पाचव्या मिनिटाला खानापूरजवळच्या गुंजी गावाहून आक्काचा फोन आला.

मालुआक्का माझी थोरली बहीण. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो आणि आक्का सोळाची. तिने मला वाढवलं, शाळेत घातलं, आणि ती स्वतः मात्र मला पोचवायला शाळेच्या पायरीपर्यंतच आली. तिचे यजमान यल्लाप्पा भावजी यांना जाऊन चार वर्षं झाली, तेव्हापासून गुंजीच्या घरात ती एकटी असते. टिळकवाडीत ये म्हटलं तर म्हणते, तिथं दार उघडलं की दुसऱ्याचं दारच दिसतं. साडेसातला ती तिकडे आणि मी इकडे 'सातवी फाईल' बघायचो, आणि आठ वाजता फोनवर त्याची उजळणी व्हायची. तिचं ठाम मत असं, की तो इन्स्पेक्टर थेट आमच्या नागूसारखा आहे. नागू म्हणजे मी, निवृत्त माध्यमिक शिक्षक नागेंद्र. मी कधी हा विषय स्वतःहून काढला नाही, पण ती काढायची तेव्हा थांबवलंही नाही.

"बगितलास न्हवं?" आक्का म्हणाली. "मी टीव्ही बंद केले आणि वर टावेल घातले."

"आक्का, अगं नाटक हाय ते."

"नाटक असंल. पण माझ्यासारख्या मानसाजवळ दुसरं काय असतंय रं? सही येत न्हाय, अंगठाच असतोय. त्योबी कोनबी लावू दे म्हटल्यावर आमी हाय कशाला?" मग तिने विचारलं, "नागू, तूबी असलं करशील?"

मी दुखावलो. चाळीस वर्षांच्या नोकरीत हजेरीपटात मी एकही खोटी खूण केली नाही, असं मी तिला सांगितलं. ती "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला. त्या 'बरं'मध्ये मला कुठेतरी माझ्याही डोक्यावर टॉवेल टाकल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता फोन आला नाही, तिसऱ्या दिवशीही आला नाही. मी केला तर "जेवायलोय" म्हणून तिने ठेवून दिला. तेव्हा मी ठरवलं, की वाहिनीला पत्र लिहायचं. लेखकांनी जाधवसाहेबांकडून चूक कबूल करून घ्यावी, म्हणजे आक्काचा टॉवेल निघेल. एका पानाचं काम होतं.

पण अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्या माणसाचं एका पानाचं काम एका पानात होत नाही. खालच्या मजल्यावरचे आण्णाप्पा हे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांना न विचारता ते सल्ला देतात आणि विचारल्यास खुर्ची घेऊन येतात. ते खुर्ची घेऊन आले.

"सर, मास्तरचं पत्र कोन वाचतंय हो," ते म्हणाले. "मास्तर लोक पत्र लिवतातच. तुमच्या आक्कांच्या नावानं घाला बगू. जंगलाच्या कडंच्या खेड्यातली म्हातारी म्हटल्यावर लगेच वाचतील की."

मला पटलं. आक्काला फोन केला. ती म्हणाली, "लिव माझ्या नावानं. पन खरं तेवडंच लिव."

मी लिहायला बसलो. 'मी मालुबाई यल्लाप्पा, वय चौऱ्याहत्तर' असं लिहिलं आणि वाचून बघितलं. जरा फिकं वाटलं. आण्णाप्पांच्या सूचनेवरून वय एक्क्याऐंशी केलं. 'मला फार वाईट वाटले' याच्या जागी 'दोन दिवस अन्नाला शिवले नाही' असं आलं. जयाने चहा ठेवता ठेवता वाचलं आणि म्हणाली, "वन्संनी काल तांदळाची भाकरी आणि सुकटाची आमटी केली होती. मला फोनवर सांगितलं."

"हा भावार्थ आहे," मी म्हणालो.

वाहिनीचं उत्तर आठ दिवसांत आलं, हीच मुळात वाईट खूण होती. आपली तक्रार महत्त्वाची आहे, ती विहित नमुन्यात करावी, नमुना फक्त टीव्हीच्या कनेक्शनधारकाच्या नावे निघतो, आणि आपले कनेक्शन श्री. यल्लाप्पा यांच्या नावे असल्याने तक्रार त्यांनी स्वतः करावी, असं त्यात लिहिलं होतं.

भावजी हयात असतानासुद्धा कुणाची तक्रार करत नसत. मी कळवलं, की ते वारले आहेत. उत्तर आलं, की तसा त्यांचा अर्ज पाठवावा. कुणाचा, हे स्पष्ट नव्हतं. मी पुन्हा लिहिलं, तेव्हा मृत्यूचा दाखला मागितला.

दाखल्याची जादा प्रत आणायला खानापूरला जायचं होतं. सरकारी खिडकीशी झगडायची मी पूर्ण तयारी केली होती. डबा घेतला होता, वर्तमानपत्र घेतलं होतं, चार खणखणीत कानडी वाक्यं पाठ केली होती. खिडकीवरचा माणूस "कूतकोळ्ळी सर" म्हणाला, मला बसायला बाक दाखवला आणि दहा मिनिटांत दाखला हातात दिला. चारही वाक्यं तशीच राहिली. डबा मी स्टेशनवर बसून खाल्ला, पण त्याला म्हणावी तशी चव लागली नाही.

दाखला अर्थातच कानडीत होता. वाहिनीने कळवलं, की ही लिपी आमच्याकडे कुणाला येत नाही, प्रमाणित भाषांतर पाठवा. तेव्हा दुसऱ्या मजल्यावरचे वकील बुद्धप्रिय कामी आले. ते मूळ निपाणीचे, मितभाषी आणि काटेकोर. त्यांनी भाषांतर करून शिक्का मारला आणि विचारलं, "सर, हे सगळं कशासाठी चाललंय म्हणालात?"

"एका पोलीस अधिकाऱ्याने खोटा अंगठा लावला."

"कुठल्या ठाण्यातला?"

मी मालिकेचं नाव सांगितलं. त्यांनी शिक्क्याकडे एकदा बघितलं आणि पेटी बंद केली.

महिनाभराने कनेक्शन आक्काच्या नावावर झालं आणि तक्रारीचा नमुना आला. तीन पानं आणि शेवटी एक चौकोन, 'तक्रारदाराची सही किंवा अंगठा'. शुक्रवारपर्यंत पोचला पाहिजे अशी अट, आणि हातात आला बुधवारी. गुरुवारी सकाळी मी गुंजीला निघालो. बेळगाव स्टेशनवर गाडी आधी एक तास उशिरा होती, मग दोन, मग तिच्याबद्दल कुणी बोलेना. माझा गुडघा दुखत होता. कुरियरवाला पाचला बंद करतो. मी घरी परत आलो आणि त्या चौकोनाकडे बघत बसलो.

यापुढचं मी लपवत नाही. जया भाजी आणायला गेली होती. शाईचं पॅड आण्णाप्पांकडून आधीच आणून ठेवलं होतं. मी मनाशी म्हणालो, आक्काने परवानगी दिलेली आहे. मजकूर तिचाच आहे. वय आणि उपास सोडला तर सगळं खरं आहे. शाई कुणाच्या बोटाची हा तपशिलाचा भाग. मी दार लावलं, पॅड पुढे ओढलं आणि डावा अंगठा दाबला. सुबक उमटला. मागे तबला तेवढा वाजला नाही.

कुरियर करून आलो. जेवताना जयाने विचारलं, "अंगठ्याला काय लागलंय?"

"जांभूळ."

"मार्गशीर्षात?" ती म्हणाली आणि वाढायला लागली. लग्नाला सदतीस वर्षं झालेली बाई तेवढंच विचारते आणि ते पुरतं.

मला वाटलं होतं, आता वाहिनी माफीचं पत्र पाठवील आणि विषय संपेल. त्याऐवजी आरोही नावाच्या मुलीचा फोन आला. ती वाहिनीसाठी बेळगाव भागातलं चित्रीकरण करते. आज्जींची तक्रार सगळ्यांना फार आवडली, साडेतीन हजार तक्रारींतून ती निवडली, 'प्रेक्षक म्हणतात' या कार्यक्रमात ती दाखवणार, येत्या रविवारी गुंजीला येऊन आज्जींचं बोलणं टिपायचं आहे, असं ती एका दमात म्हणाली. "एक्क्याऐंशी वय आणि दोन दिवस उपास, सर. आमच्या मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं."

माझ्याही आलं, पण कारण वेगळं होतं.

रविवारी आण्णाप्पा न बोलावता गाडीत बसले. मूळ कल्पना आपली आहे असं त्यांचं म्हणणं होतं. बुद्धप्रिय गुंजीच्या माउलीदेवीचं देऊळ बघायचं राहिलं आहे म्हणून आले. खानापूर सोडल्यावर रानाचा गार वारा आत यायला लागला आणि आण्णाप्पांनी सहज विषय काढला.

"वकीलसाहेब, त्या इन्स्पेक्टरला खऱ्यात काय शिक्षा झाली असती हो?"

"नोकरी गेली असती," बुद्धप्रिय खिडकीबाहेर बघत म्हणाले. "दुसऱ्याच्या नावाचा अंगठा म्हणजे सरळ फौजदारी."

"हेतू चांगला असला तर?" मी विचारलं.

"हेतू सगळ्यांचाच चांगला असतो, सर. आजपर्यंत माझ्याकडे वाईट हेतूचा एकही अशील आलेला नाही."

त्यानंतर गुंजी येईपर्यंत मी रान बघितलं. एरवी मला ते आवडतं.

आक्काने अंगण सारवलं होतं आणि ठेवणीतलं इरकली लुगडं नेसली होती. शेजारपाजारची वीसेक माणसं कुंपणाशी उभी होती. आरोहीने कॅमेरा लावला, आक्काच्या पाया पडली, आणि मग तो कागद काढला. "आज्जी, चित्रीकरणाला तुमची संमती लागते. तक्रारीच्या शेजारीच चौकोन आहे. इथं अंगठा द्या."

आक्काने अंगठा दिला. आता हे सांगायला हवं, की आक्काच्या डाव्या अंगठ्यावर आडवा व्रण आहे. भातकापणीत विळा लागला होता. मी तेव्हा सातवीत होतो आणि त्या दिवशी माझी परीक्षा होती म्हणून तिने फडकं बांधून मला आधी गाडीत बसवलं होतं. हा व्रण मी पन्नास वर्षं बघत आलो आणि त्या गुरुवारी तो मला आठवला नाही.

कागदावर शेजारी शेजारी दोन अंगठे होते. एक मधोमध चिरलेला आणि एक सुबक. आरोही कॅमेऱ्याकडे वळली होती. आक्का मात्र वाकून बघत राहिली. तिला अक्षर वाचता येत नाही, पण अंगठा वाचता येतो.

"बाई, ह्यो पैला कुनाचा?"

"तुमचाच की आज्जी. तक्रारीचा."

आक्काने मान वर करून माझ्याकडे बघितलं. आण्णाप्पा एकदम कौलांकडे बघायला लागले.

"व्हय," आक्का म्हणाली. "माझाच."

माझी आक्का खोटं बोलली. शेताच्या वाटणीत खोटं बोलली असती तर दोन एकर जास्त मिळाली असती, तिथे ती बोलली नाही. ती वीस माणसांच्या देखत माझ्यासाठी बोलली. मला तिथल्या तिथे जमिनीत गडप व्हावंसं वाटलं, पण सारवलेलं अंगण घट्ट होतं.

कॅमेरा सुरू झाला. आरोहीने विचारलं, "आज्जी, एक्क्याऐंशीव्या वर्षी तुम्ही दोन दिवस उपास केलात. इन्स्पेक्टर जाधवांना काय सांगाल?"

"काय सांगू? तक्रार न्हाय माझी काय. दोन दिस उपाशीबी न्हवतो मी, चौऱ्यात्तर वय हाय माझं. ज्येनं केलंय त्येला ठाऊक हाय."

आरोहीने चेहरा शक्य तितका हसरा ठेवला. एवढ्या लांब येऊन तक्रार नसलेली तक्रारदार मिळाली होती.

मी आक्काच्या मागून स्वयंपाकघरात गेलो. ती पाटावर बसली होती आणि पदराने अंगठ्याची शाई पुसत होती.

"आक्का, त्या दिवशी गाडी आली न्हाय. शुक्रवार शेवटचा होता. आणि तूच म्हटलतीस, लिव म्हणून..."

"त्यो इन्स्पेक्टरबी असलंच बोल्ला की," ती म्हणाली. "पन त्येनं चोर तरी धरलता. तू काय धरलास?"

मग ती आवाज न चढवता म्हणाली, "तुझा अंगठा मी वळखत न्हाय व्हय रं? पाच वर्साचा हुईस्तवर तोंडात घालत हुतास. कडूलिंब वाटून वाटून मीच लावलोय त्येला." पुसता पुसता तिचा हात थांबला. "चाळीस वर्सं लोकांच्या पोरांस्नी शिकवलास नागू. रातीच्या वर्गात म्हातारी मानसं शिकवलास म्हणून फोटोबी आलता तुझा पेपरात. माझ्या जागी अंगठा लावायला आला तुला. मला सही शिकवायचं सुचलं न्हाय."

तो फोटो टिळकवाडीत आमच्या हॉलमध्ये चौकटीत लावलेला आहे आणि आक्का आली की त्याच्या खालीच बसते.

"आज मी तुझ्यापायी खोटं बोल्ले," ती म्हणाली. "जा, ती पोरगी जायच्या आदी सांगून ये. माझं खोटं तू परत घेऊन ये."

मी अंगणात गेलो. आयुष्यातली माझी एकमेव कबुली, ती मी नीट उभा राहून, हात मागे बांधून दिली. आरोही वायर गुंडाळत होती. "अहो सर, चालतंय," ती म्हणाली. "निम्मे फॉर्म असेच असतात. कोण बघतंय?"

"माझं पॅड होतं, तेव्हाच मला समजलं," आण्णाप्पा म्हणाले. "म्हटलं आपण कशाला बोला."

बुद्धप्रिय चष्मा पुसत म्हणाले, "मी माउलीच्या देवळात होतो. काही ऐकलं नाही."

एवढं धैर्य गोळा करून केलेली कबुली कुणालाच नको होती. अपमान झाला असता तर तो मी सोसला असता, त्याची मी तयारी केली होती. फक्त स्वयंपाकघराच्या दारात आक्का उभी होती आणि तिने मान हलवली. मग मी आरोहीकडून तो कागद मागून घेतला, फाडला आणि तिला म्हणालो की खरी तक्रार आठ दिवसांत येईल.

ते सगळे गेले, मी राहिलो. दुकानातून पाटी आणली. पहिले दोन दिवस आक्काने पेन्सिल विळ्यासारखी धरली. 'म'ची गाठ काही केल्या बसेना. मी सवयीने एकदा "लक्ष कुठंय?" असं ओरडलो, तेव्हा तिने पाटी माझ्या मांडीवर ठेवली आणि ती भात बघायला गेली. पाचव्या दिवशी 'मालु' आलं. सातव्या दिवशी 'मालुबाई' अशी चार अक्षरं एका ओळीत, जरा उताराला लागलेली, पण एकमेकांना धरून उभी राहिली. तिने ती पाटी पुसू दिली नाही. दुसरी आणायला लावली.

नवा नमुना आम्ही रीतसर भरला. वय चौऱ्याहत्तर, उपास नाही, खाली सही. वाहिनीचं आजपर्यंत उत्तर आलेलं नाही. आक्काला त्याचं काही वाटत नाही. पोस्टात गेलेल्या कागदावर आपलं नाव आहे एवढं तिला पुरे असतं.

मालिकेचा शेवटचा भाग बघायला मी मुद्दाम गुंजीला गेलो. तिने स्वतः टीव्हीवरचा टॉवेल काढला, घडी घालून मांडीवर ठेवला. विश्वजित जाधवांना भर सभेत पदक मिळालं. टाळ्या झाल्या, फेटा बांधला, फुलं पडली. अंगठ्याचा विषय कुणी काढला नाही, आणि तेही शेवटपर्यंत बोलले नाहीत.

आक्का बराच वेळ त्यांच्या फेट्याकडे बघत होती. तिला आता त्यांचा राग आलेला दिसत नव्हता. वाईट वाटत होतं.

"ह्येला कोन आक्का न्हाय वाटतंय रं," ती म्हणाली आणि ताटं घ्यायला उठली.